मोटार पोसण्याचा हिशेब

नवी गाडी दारात उभी राहिली की पेढा घ्यायला आलेला प्रत्येक जण दोनच प्रश्न विचारतो: केवढ्याला पडली आणि ॲव्हरेज किती देते. मालकाचा स्वतःचा हिशेबही बहुधा याच दोन आकड्यांपाशी थांबतो. एक आकडा शोरूममधला, दुसरा पेट्रोल पंपावरचा. या दोहोंच्या मधे जो खर्च असतो तो किती, त्यात काय काय धरायचे आणि त्यातला किती मालकाच्या खिशातून जातो व किती इतरांच्या, यावर अर्थशास्त्रज्ञ, नगररचनाकार आणि मोटारसंघटना कित्येक दशके वाद घालत आहेत. महाराष्ट्रात २०२५ या एका वर्षात या हिशेबाची बरीच कलमे बदलली. मोटारींवरचा जीएसटी खाली आला, राज्याच्या वाहनकराची कमाल मर्यादा वर गेली, वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल सगळीकडे पोचले, विजेवरच्या गाड्यांना करमाफी आणि टोलमाफी जाहीर झाली. त्यामुळे जुना प्रश्न पुन्हा मांडून पाहण्याजोगा झाला आहे.

हा प्रश्न सगळ्यांचा नाही, हे आधीच सांगितलेले बरे. २०१९ ते २१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या सुमारे साडेसात टक्के कुटुंबांकडे मोटार होती. महाराष्ट्रात हे प्रमाण ८.७ टक्के, तर शेजारच्या गोव्यात तब्बल ४५.२ टक्के. म्हणजे आपल्याकडे दहातल्या नऊ घरांना मोटारीचा खर्च माहीत असतो तो शेजाऱ्याच्या गाडीवरून, किंवा आपल्या वाट्याला आलेल्या धुरावरून आणि अडलेल्या रस्त्यावरून.

मागची वाट

परवाना-राजच्या काळात मोटारीचा हिशेब वेगळाच होता. कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी किंवा कलकत्त्याकडची ॲम्बॅसेडर मिळवायची तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. पुरवठाच कमी, त्यामुळे जुन्या गाडीलाही भाव टिकून असे आणि घसारा हा शब्द कारखान्याच्या ताळेबंदापुरताच उरे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, तिची किंमत तेव्हा पन्नास हजारांच्या आसपास होती. मध्यमवर्गाने ती बहुतांशी साठवलेल्या पैशातून घेतली. उदारीकरणानंतर वाहनकर्ज सोपे झाले आणि ‘किंमत किती’ची जागा ‘हप्ता किती’ने घेतली. २००८ मध्ये एक लाखाच्या नॅनोची घोषणा झाली तेव्हा सारी चर्चा खरेदीच्या किमतीभोवती फिरली. ती गाडी पुढे दहा वर्षे वापरायला किती लागेल, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

अमेरिकेत हा प्रश्न आधी विचारला गेला, कारण मोटार तिथे घराघरांत आधी पोचली. तिथली ‘ट्रिपल ए’ ही मोटारचालकांची संघटना १९५० पासून गाडी चालवण्याच्या वार्षिक खर्चाचा अंदाज प्रसिद्ध करते. २०२४ मध्ये नव्या गाडीसाठी तो बारा हजार डॉलरच्या थोडा वर गेला होता, आणि त्यातला सर्वांत मोठा तुकडा इंधनाचा नसून घसाऱ्याचा होता. १९७४ मध्ये विचारवंत इव्हान इलिच यांनी हिशेब पैशात न करता वेळात केला. गाडी चालवण्याचे, तिच्यासाठी कमावण्याचे आणि ती सांभाळण्याचे तास एकत्र केले तर सामान्य अमेरिकन माणूस वर्षाला सोळाशे तास देऊन साडेसात हजार मैल जातो, म्हणजे ताशी पाच मैलांहूनही कमी वेगाने, असे त्यांनी मांडले. हा आकडा वादग्रस्त आहे. पण त्यातून निघालेला प्रश्न टिकला.

अलीकडच्या दोन जर्मन अभ्यासांनी चर्चेला ठोस आधार दिला. २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका पाहणीत गाडीमालकांना त्यांचा महिन्याचा खर्च विचारला होता. इंधनाचा अंदाज लोकांनी बराचसा बरोबर सांगितला. एकूण खर्च मात्र त्यांना प्रत्यक्षाच्या निम्माच वाटत होता. घसारा, दुरुस्ती, कर आणि विमा हे सगळे डोक्यातून गळाले होते. दुसरा अभ्यास २०२२ मधला, गॉसलिंग, केस आणि लिटमन या तिघांचा. पन्नास वर्षे गाडी बाळगणाऱ्या माणसाचा आयुष्यभराचा हिशेब त्यांनी मांडला. ओपेल कोर्सासारख्या लहान गाडीलाही तो सहा लाख युरोंच्या घरात गेला, आणि त्यातला ४१ टक्के भाग मालकाने नव्हे तर समाजाने भरलेला होता.

खर्चाची उतरंड

आकड्यांशिवाय ही चर्चा हवेत राहते, म्हणून पुण्यातले एक कल्पित उदाहरण घेऊ. १.२ लिटर इंजिनाची पेट्रोल हॅचबॅक, एक्स-शोरूम किंमत आठ लाख. दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात एकरकमी वाहनकर ११ टक्के, म्हणजे ८८ हजार. विम्यात थर्ड पार्टीचा भाग नव्या गाडीला एकदम तीन वर्षांचा भरावा लागतो. २०१८ पासून ही सक्ती आहे आणि या इंजिनासाठी २०२२ पासूनचा दर १०,६४० रुपये आहे. त्यावर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा, झिरो डेप, पासिंगचे शुल्क, फास्टॅग. ऑन-रोड रक्कम सव्वानऊ लाखांच्या पुढे जाते. आपण नऊ लाख तीस हजार धरू. शोरूमवाला कोटिंग, ॲक्सेसरीज, वाढीव वॉरंटी गळ्यात मारतो ते वेगळे, आणि चॉइस नंबरची हौस असेल तर तेही वेगळे.

ही गाडी आठ वर्षे ठेवली, वर्षाला दहा हजार किलोमीटर चालवली आणि शेवटी तीन लाखांना विकली असे समजू. मग वर्षाचा घसारा साधारण ७९ हजार. गुंतून राहिलेल्या पैशावर सात टक्क्यांनी बुडालेले व्याज ४३ हजार. शहरात लिटरला पंधरा किलोमीटर पडले आणि पेट्रोल १०४ रुपये धरले, तर इंधन ६९ हजार. विमा सरासरी १८ हजार. सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी, क्लच मिळून २० हजार. सोसायटीचे पार्किंग, गाडी पुसणारा, पे-अँड-पार्क, टोल, पीयूसी मिळून २२ हजार. बेरीज अडीच लाख. किलोमीटरला पंचवीस रुपये, महिन्याला जवळपास एकवीस हजार.

यात पेट्रोलचा वाटा सत्तावीस-अठ्ठावीस टक्के आहे. ज्याची रोज चर्चा होते, ज्यासाठी माणसे पन्नास पैशांनी स्वस्त पंप शोधत दोन किलोमीटर वाट वाकडी करतात, तो खर्च एकूणाच्या तिसऱ्या हिश्श्यालाही पोचत नाही.

धावणे बदलले की चित्र झपाट्याने बदलते. हीच गाडी वर्षाला पाच हजार किलोमीटरच फिरली तर किलोमीटरचा दर चाळिसाच्या आसपास जातो. वीस हजार फिरली तर सतराच्या आसपास येतो. तुलनेसाठी, पुण्यात रिक्षाचा मीटर दीड किलोमीटरनंतर किलोमीटरला १७ रुपये पडतो, आणि मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीचा फेब्रुवारी २०२५ पासूनचा दर २० रुपये ६६ पैसे आहे. पाच वर्षांची सेकंडहँड गाडी चार लाखांना घेऊन पाच वर्षे वापरली आणि पावणेदोन लाखांना विकली, तर घसारा व व्याज निम्म्याच्या आसपास येतात, पण दुरुस्ती वाढते. वर्षाला दहा हजार किलोमीटर धरले तर दर वीस रुपयांच्या जवळ येतो. फरक आहे, पण लोक समजतात तेवढा मोठा नाही.

कर्ज घेतले तर आणखी एक थर चढतो. आठ लाख, नऊ टक्के, सात वर्षे: हप्ता १२,८७० रुपयांच्या आसपास आणि एकूण व्याज दोन लाख ऐंशी हजार. पाच वर्षांत फेडले तर हप्ता १६,६०० होतो, व्याज दोन लाखांच्या आत येते. लहान हप्त्याचे आकर्षण पंच्याऐंशी हजारांना पडते. दहा लाखांवरच्या गाडीला विक्रेता एक टक्का टीसीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर, वसूल करतो. तो विवरणपत्रात परत मागता येतो, पण कित्येक जण विसरतात.

घसाऱ्यावरचे मतभेद

या हिशेबातला सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी दिसणारा आकडा घसाऱ्याचा, आणि मतभेदही इथेच जास्त आहेत. विमा कंपन्या गाडीचे मूल्य ठरवताना पहिल्या सहा महिन्यांत पाच टक्के, वर्षाअखेर पंधरा, दुसऱ्या वर्षी वीस, असे करत पाचव्या वर्षी पन्नास टक्के वजावट धरतात. ही सोयीसाठी ठरवलेली शिडी आहे. बाजार ती पाळत नाही. ज्या कंपनीची सर्व्हिस सेंटर तालुक्यापर्यंत आहेत तिची गाडी भाव टिकवते. ज्या कंपनीने देशातून गाशा गुंडाळला तिची गाडी चांगली असूनही बसते.

सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी एक गोष्ट दिसली. चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर २८ टक्के जीएसटी आणि वर अधिभार होता. २२ सप्टेंबरपासून तो १८ टक्के झाला. मोठ्या गाड्यांवर अधिभारासह ४५-५० टक्क्यांपर्यंत जाणारा कर ४० वर आला. नव्या गाड्या स्वस्त झाल्या, हे वर्तमानपत्रांनी सांगितले. त्याची दुसरी बाजू अशी की नवी स्वस्त झाली की जुनीचा भावही खाली ओढला जातो, म्हणजे ऑगस्टमध्ये गाडी घेतलेल्यांचा घसारा सरकारी निर्णयाने वाढला. घसारा हा यंत्राच्या झिजेपेक्षा बाजाराच्या आणि धोरणाच्या चढउताराचा आकडा आहे, असे म्हणणाऱ्यांना हा चांगला पुरावा मिळाला.

एक पक्ष म्हणतो, घसारा मोजूच नये. गाडी ही गुंतवणूक नाही. घेतली, वापरली, संपली. फ्रीजचा घसारा कोण मोजतो? प्राप्तिकर कायदाही पगारदाराच्या खासगी गाडीला वैयक्तिक वापराची वस्तू मानतो, त्यामुळे ती विकताना झालेला तोटा कुठे वजा करता येत नाही. दुसरा पक्ष म्हणतो, हाच तर मुख्य खर्च आहे. तो न मोजणारा माणूस दर चार वर्षांनी गाडी बदलतो आणि ‘मला तर चांगला एक्स्चेंज मिळाला’ म्हणून खूश राहतो. हिशेबाच्या दृष्टीने दुसरा पक्ष बरोबर आहे, याबद्दल मला शंका नाही. पण पहिल्या पक्षाच्या बोलण्यातही एक तथ्य आहे: जो माणूस गाडी पंधरा वर्षे ठेवतो त्याच्यासाठी घसाऱ्याचे महत्त्व खरोखर कमी होत जाते. मग त्याच्यापुढे पुनर्नोंदणी येते. २०२२ पासून मोटारीचे ते शुल्क पाच हजार आहे, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांपुढच्या गाडीला दहा हजार. शिवाय राज्याचा पर्यावरण कर. सरकारला जुनी गाडी रस्त्यावरून काढायची आहे आणि काटकसरी मालकाला ती ठेवायची आहे, असा हा पेच आहे.

बुडालेल्या व्याजाबद्दलही असेच दोन तट आहेत. तो पैसा खरोखर मुदतठेवीत गेला असता तरच व्याज धरावे, एरवी नाही, असे व्यवहारी लोक म्हणतात. हिशेबनीस म्हणतात, पैसा कुठे गेला असता हा प्रश्न गौण; तो मोकळा होता एवढे पुरे.

किलोमीटरचा कोणता दर?

घरोघरी होणारा सर्वांत गोंधळाचा वाद पुढे येतो. पुण्याहून साताऱ्याला चौघांनी जायचे आहे. एसटीने की गाडीने? वरचा पंचवीस रुपयांचा दर लावला तर जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटरला साडेपाच हजारांच्या वर होतात. पण कोणीही असा विचार करत नाही, आणि न करणारे चुकत नाहीत. गाडी घेऊन झाली आहे, विमा भरला आहे, सोसायटीने पार्किंगचे पैसे घेतले आहेत. गाडी नेली किंवा न नेली तरी हे परत मिळत नाहीत. वाढीव खर्च पेट्रोलचा, थोड्या झिजेचा आणि टोलचा, म्हणजे टोल सोडून किलोमीटरला नऊ-दहा रुपये. चौघांत वाटला तर तो एसटीच्या तिकिटाशी तुलना करण्याइतका खाली येतो.

अर्थशास्त्रात हा सरासरी आणि सीमान्त खर्चातला फरक म्हणून पहिल्या वर्षी शिकवतात. मोटारीच्या बाबतीत त्याचे परिणाम दूरगामी आहेत. जेवढा खर्च आधीच भरून ठेवलेला, तेवढी प्रत्येक नवी फेरी स्वस्त वाटते, आणि तेवढी गाडी जास्त बाहेर निघते. म्हणून एक विचारप्रवाह असा, की ठोक खर्च फुटकळ करावेत: चालवाल तेवढे भरा. विमा नियामकाने जुलै २०२२ मध्ये नुकसानीच्या विम्यात किलोमीटरनुसार हप्त्याची जोड द्यायला परवानगी दिली, ती याच दिशेने. उलट दिशेचे उदाहरण फास्टॅगच्या वार्षिक पासचे. १५ ऑगस्ट २०२५ ला तो सुरू झाला तेव्हा तीन हजार रुपयांत राष्ट्रीय महामार्गांवर दोनशे फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. सतत फिरणाऱ्याला तो निश्चितच स्वस्त पडतो, पण पास घेतल्यावर पुढचा प्रत्येक टोलनाका फुकट वाटू लागतो. हा पास मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर चालत नाही, कारण तो राज्य रस्ते विकास महामंडळाचा आहे. तिथे एप्रिल २०२३ पासून मोटारीला एका फेरीचे ३२० रुपये पडत आले. महिन्यातून दोनदा जाऊन येणाऱ्याचे वर्षाचे पंधरा हजार होतात, आणि तो आकडा फार थोड्या लोकांच्या हिशेबात असतो.

उभ्या गाडीची जागा

खासगी मोटार दिवसातला बहुतेक वेळ उभी असते. तिला लागणाऱ्या जागेची किंमत हा या विषयातला सर्वांत कमी मोजलेला भाग. अमेरिकेत नगररचनेचे प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी २००५ मध्ये ‘द हाय कॉस्ट ऑफ फ्री पार्किंग’ हा जाडजूड ग्रंथ लिहून हेच दाखवले. फुकट पार्किंगचे पैसे मालकाऐवजी घरभाड्यातून, दुकानातल्या मालाच्या किमतीतून, करातून सगळेच भरतात, हे त्यांचे म्हणणे.

राज्याच्या विकास नियंत्रण नियमावलीत मोटारीच्या जागेचे माप अडीच मीटर गुणिले पाच मीटर आहे. हे साडेबारा चौरस मीटर म्हणजे सुमारे १३५ चौरस फूट. पुण्याच्या एखाद्या उपनगरात घराचा दर चौरस फुटाला आठ हजार धरला, तर ही जागा दहा लाखांच्या वर जाते. पार्किंगची जागा घराच्या दराने विकली जात नाही हे खरे, म्हणून हा आकडा कमाल समजावा. तरी आठ लाखांच्या गाडीखालची जमीन गाडीच्याच किमतीची असू शकते, आणि सोसायटी त्यासाठी महिन्याला काहीशेच रुपये घेते. स्टिल्टमधली जागा बिल्डरने वेगळी विकू नये, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या मुंबईच्याच प्रकरणात दिला. त्यामुळे ही किंमत फ्लॅटच्या दरात विरघळली. ज्याच्याकडे गाडी नाही तोही ती भरतो.

सोसायटीबाहेर रस्त्यावर गाडी लावणाऱ्याची गोष्ट वेगळी नाही; तोही जागेचे पैसे सहसा भरत नाही. पुणे महापालिकेने २०१८ मध्ये रस्त्यावरच्या पार्किंगला शुल्क लावणारे धोरण मंजूर केले. पुढची अनेक वर्षे ते बहुतांशी कागदावरच राहिले. जागेचा दाखला असल्याशिवाय गाडीची नोंदणी करायची नाही, हा विचार २०२५ मध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी मांडला. जपानमध्ये असा कायदा १९६२ पासून आहे. समर्थक म्हणतात, जागेचा खर्च मालकाच्याच अंगावर पडेल. विरोधक म्हणतात, चाळीत आणि जुन्या वाड्यात राहणाऱ्याने गाडी घेऊच नये का, आणि दाखल्यांचा धंदा कोण रोखणार?

मालकाच्या खिशाबाहेर

आता हिशेब घराच्या उंबरठ्याबाहेर जातो. धूर, आवाज, अपघात, कोंडी आणि रस्त्याला लागणारी जमीन, या सगळ्याची किंमत कोणीतरी देते. आपल्या कृतीचा जो भार दुसऱ्यावर पडतो तो करातून वसूल करावा, ही अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांची १९२० मधली मांडणी. पुढे त्यांच्याच क्षेत्रातल्या विल्यम व्हिक्री यांनी गर्दीच्या रस्त्यावर गर्दीनुसार पैसे घेण्याची कल्पना मांडली. सिंगापूरने १९९८ मध्ये इलेक्ट्रॉनिक पद्धतीने आणि लंडनने २००३ मध्ये दिवसाच्या शुल्काने ती राबवली.

एक बाजू म्हणते, मोटारमालक आपला खर्च भरत नाही. मुंबईचा किनारी रस्ता तेरा हजार कोटींहून अधिक सार्वजनिक पैशातून उभा राहिला. त्यावर टोल नाही आणि दुचाकी-रिक्षांना प्रवेश नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. देशात २०२२ मध्ये १,६८,४९१ माणसे रस्ते अपघातांत दगावली. त्यांत पायी चालणारे आणि दुचाकीवरचे मोठ्या संख्येने असतात, आणि त्या नुकसानीची भरपाई विम्याने होते ती थोडीच.

दुसरी बाजू म्हणते, मालक आधीच दुहेरी-तिहेरी भरतो. गाडीवर १८ ते ४० टक्के जीएसटी, त्यावर ११ टक्के किंवा जास्त वाहनकर, पेट्रोलवर केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट, विम्यावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. महाराष्ट्रात वाहनकराची कमाल मर्यादा जुलै २०२५ पासून वीस लाखांवरून तीस लाख झाली. एवढे देऊन मिळते काय, तर खड्डे.

दोन्ही बाजूंची बेरीज अजून कोणी समाधानकारक केलेली नाही. जर्मन आकडे जसेच्या तसे इकडे आणता येत नाहीत. तिथे जमिनीची, वेळेची आणि माणसाच्या जिवाची किंमत ज्या रीतीने धरतात, ती रीत इथे लावली तर निष्कर्ष काहीही काढता येतो.

जे वहीत बसत नाही

खर्चाचे हिशेब मांडणारे बहुधा फायद्याचा रकाना रिकामा ठेवतात, ही त्यांच्यावरची टीका मला रास्त वाटते. रात्री उशिरा कामावरून परतणाऱ्या बाईला गाडीमुळे मिळणारी सुरक्षितता, गुडघे दुखणाऱ्या आईला डायलिसिसला नेण्याची सोय, गणपतीत कोकणात जाताना रेल्वेचे आरक्षण काही मिनिटांत संपल्यावर उरणारा मार्ग, यांना किलोमीटरचा दर लावता येत नाही. जिथे दुपारनंतर एसटी नाही तिथे रिक्षा-टॅक्सीशी तुलना करण्यातही अर्थ नसतो. गोव्यातल्या त्या ४५ टक्क्यांमागे विखुरलेली वस्ती आणि तोकडी बससेवा हेही एक कारण असणार. याला उत्तर म्हणून सार्वजनिक वाहतुकीचे समर्थक विचारतात, की बस वेळेवर असती तर यातले किती फायदे उरले असते? तोही प्रश्न खरा आहे.

वीज आली, हिशेब फिरला

विजेवरच्या गाडीने सगळी कलमे उलटीपालटी केली. खरेदी महाग, चालवणे स्वस्त. कर जवळपास नाही: जीएसटी पाच टक्के, आणि महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणात वाहनकर माफ, समृद्धी, अटल सेतू व मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर टोल माफ. मात्र लहान पेट्रोल गाडीवरचा कर १८ टक्क्यांवर आल्याने दोहोंमधली दरी पूर्वीपेक्षा अरुंद झाली आहे. कळीचा मुद्दा बॅटरी. कंपन्या बहुधा आठ वर्षे किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरची हमी देतात. त्यानंतर गाडीला गिऱ्हाईक कोणत्या भावाने मिळेल, हे सांगण्याइतक्या जुन्या गाड्याच अजून बाजारात फारशा नाहीत. सप्टेंबर २०२४ मध्ये एमजी विंडसर आली तेव्हा गाडी ९ लाख ९९ हजारांना आणि बॅटरी किलोमीटरला साडेतीन रुपये भाड्याने, असा पर्याय दिला गेला. घसाऱ्याची अनिश्चितता ग्राहकाच्या अंगावरून काढून तिला किलोमीटरचा दर लावण्याचा आपल्याकडचा हा पहिला ठळक प्रयत्न.

पेट्रोलकडेही अनिश्चितता आहेच. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या बनावटीच्या मोटारींचे ॲव्हरेज वीस टक्के इथेनॉलने सहा-सात टक्क्यांनी घटू शकते असे म्हटले होते. २०२५ मध्ये सरकारने घट याहून कमी असल्याचे सांगितले, मालकांच्या तक्रारी याहून जास्तीच्या आहेत. पुण्याच्या ‘एआरएआय’ या वाहनचाचणी संस्थेच्या प्रमाणपत्रातले ॲव्हरेज आणि रस्त्यावरचे ॲव्हरेज यांत आधीच अंतर होते, त्यात ही भर.

काय सुटलेले नाही

‘ट्रिपल ए’सारखा दरवर्षीचा, विक्रीशी हितसंबंध नसलेला आणि सगळ्यांनी मानलेला हिशेब आपल्याकडे रुजलेला नाही. जुन्या गाड्यांचे भाव सांगणारी संकेतस्थळे स्वतःच त्या विकतात. पार्किंगच्या जागेची किंमत कोणाच्या नावावर टाकायची यावर एकमत नाही. सामाजिक खर्चाचा सर्वमान्य भारतीय आकडा नाही. बॅटरीची हमी संपलेल्या गाडीला काय भाव मिळेल याचा भरवशाचा अंदाज नाही.

यातला बराच वाद मात्र बेरजेतल्या चुकांमुळे नाही, असे माझे मत आहे. गाडी घ्यावी का, घेतलेली आज बाहेर काढावी का, जुनी बदलावी का आणि शहराने मोटारींना किती जागा द्यावी, हे चार वेगळे प्रश्न आहेत आणि प्रत्येकाची बेरीज वेगळी आहे. पहिल्याला पंचवीस रुपये लागतात, दुसऱ्याला नऊ-दहा. तिसऱ्यात आजवर घातलेले पैसे विसरून फक्त पुढचे मोजायचे असतात. चौथ्यात मालकाचा खिसा हा अनेकांतला एक असतो. एका प्रश्नाचा आकडा दुसऱ्याच्या उत्तरात घातला की घरात आणि महापालिकेच्या सभागृहात सारखेच भांडण होते.

पहिल्या प्रश्नापुरते बोलायचे तर वरच्या उदाहरणात गाडी नुसती दारात ठेवण्याचा खर्च वर्षाला एक लाख साठ हजारांच्या आसपास येतो. मुंबईच्या टॅक्सीदराशी तुलना केली तर तो भरून निघायला वर्षाला तेरा-चौदा हजार किलोमीटर धावावे लागते, पुण्याच्या रिक्षादराशी केली तर वीस हजार. शहरातल्या घरातली दुसरी गाडी एवढी क्वचितच धावते. आपली किती धावते हे पाहायला मागच्या दोन सर्व्हिसिंगच्या बिलांवरचे रीडिंग पुरते.